अकरावा खिसा

२ जून १९८६, सोमवार

मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून ती उलटी करून इथून लिहायला घेतली. पुढच्या बाजूनं गावाच्या छात्या आणि कमरा, या बाजूनं मी. लिहायला कारणही तसंच आहे. फोंतेलात सिनेमावाले आले आहेत.

ब्रागाहून दोन मोटारी आणि एक ट्रक भरून आले. ट्रक पुलावर अडकला आणि तो निघेपर्यंत निम्मा गाव तिथं जमला, त्यामुळे ओळखी आपोआप झाल्या. सिनेमा विनोदी आहे म्हणे. लिस्बनचे चार चोर पोलिसांना चुकवत आमच्यासारख्या एका खेड्यात येतात, तिथल्या श्रीमंत म्हाताऱ्याची पेटी पळवायचा बेत करतात, आणि गावातल्या बायका त्यांना इतकं खाऊ घालतात की त्यांच्याच्यानं धड चोरीही होत नाही. शेजारच्या ग्रासिंदाला ही गोष्ट अजिबात पटली नाही. "चोरांना कोण कशाला खाऊ घालेल?" म्हणाली. हे म्हणताना ती ट्रकच्या ड्रायव्हरला मक्याचा पाव आणि सॉसेज देत होती.

संध्याकाळी दिग्दर्शक माझ्या दाराशी. दुआर्ते नाव, पस्तिशीचा, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करणारा. हातात एक जाडजूड काळा कोट. टोळीच्या म्होरक्याचा.

"दोना सेराफिना, याला आतून दहा खिसे हवेत. उद्या."

"उद्या दोन होतील," मी म्हटलं. "दहा हवे असतील तर गुरुवार धरा. आणि ज्याच्या अंगावर चढवायचाय तो माणूस आधी इथं पाठवा. कोटाला पोट नसतं."

तो हसला. मी हसले नाही, कारण ते खरंच आहे.

४ जून, बुधवार

माणूस आला. छाती अठ्ठ्याण्णव, पोट एकशे सहा, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. नाव बाल्बिनो, वय एकसष्ट. चाळीस वर्षं लिस्बनच्या नाटकमंडळ्यांत लोकांना हसवत आला आहे. सिनेमात त्याला सगळे 'जनरल' म्हणतात. दारातून आत येताना टोपी काढली, टाय नीट केला, आणि माझ्या मांजराला आधी नमस्कार केला.

टाचण्या लावत असताना त्यानं कोटाच्या खिशातून कागदांची चळत काढली. "एक विनंती आहे, बाई. चष्मा खानावळीत विसरलो. तुमचे हात चालू असताना जरा एवढं वाचून दाखवाल?"

मला काय, सवयच आहे. गावातल्या निम्म्या बायकांचे नवरे आणि मुलगे फ्रान्समध्ये, आणि त्यांची पत्रं चाळीस वर्षं मीच वाचून दाखवते. पत्र हातात घेऊन येणारी बाई मला खिडकीतूनच ओळखू येते. गरम ताटली धरावी तसं दोन्ही हातांनी धरलेलं असतं. मी मोठ्यानं वाचते, त्या डोळे मिटून ऐकतात, मग मी चहा टाकते. आता तर एकटी असताना वर्तमानपत्रसुद्धा मोठ्यानंच वाचते, मांजर ऐकतं.

तर वाचलं. तीन पानं. तोंडात टाचण्या, त्यामुळे जनरलचे सगळे संवाद दातांतून आले. दुसऱ्यांदा वाचत असताना तो माझ्याबरोबर म्हणू लागला, आणि तिसऱ्यांदा मी थांबले तरी तो थांबला नाही. सगळं पाठ! एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"काय डोकं आहे हो तुमचं," मी म्हटलं.

"आमची ही वाचायची," तो म्हणाला. "मी दाढी करायचो आणि ती वाचायची. तीस वर्षं. या जानेवारीत गेली."

किती प्रेमळ सवय. मला बरं वाटलं ऐकून, आणि वाईटही.

जाताना म्हणाला, "दहा खिसे दुआर्तेचे. अकरावा माझ्यासाठी शिवाल? आत, छातीपाशी. चपटा, कागद मावेल एवढा. कुणाला सांगू नका."

नटांचे लाड असतात. शिवून टाकला.

९ जून, सोमवार

कोट दिला तरी तो रोज येतो आहे. सकाळी चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी एक तास. मी शिवत असते, वाचत असते, तो खिडकीशी बसून शेंगा सोलतो. शेंगा माझ्या असतात. चार दिवसांत माझं एवढं काम झालं की ग्रासिंदाला संशय आला.

"काय गं, जनरलचा कोट अजून होतोय?"

"अस्तर अवघड आहे."

"हो का. आणि नवा फुलाफुलांचा एप्रन? तोही अस्तराचाच भाग?"

तिच्या जिभेला हाड नाही. एप्रन नवा नाही. पेटीत होता एवढंच.

आज मी बाबांचा चष्मा शोधून काढला. म्हटलं, बिचारा रोज चष्मा विसरतो, हा इथंच ठेवू. त्यानं घातला, कागद दोन्ही हातांत धरला आणि अर्धा तास बघत बसला. "वा, किती स्वच्छ दिसतंय," म्हणाला. तो गेल्यावर मी स्वतः घालून पाहिला तर समोरच्या डोंगरावरची बकरी दिसली, पण वहीवरची अक्षरं म्हणजे नुसता धूर. बाबा तो शिकारीला घालायचे! लिस्बनच्या लोकांचे डोळे वेगळे असावेत. उद्या त्याला गाजरं खायला सांगते.

भिंतीवरचं माझं अक्षरांचं कापड त्याला फार आवडलं. शाळेत असताना लाल दोऱ्यानं भरलेलं, सगळी मुळाक्षरं ओळीनं. विचारत होता, "क्रमानंच आहेत का?" मग क्रम नाही तर काय! चौथं अक्षर, डी, कसरीनं खाल्लंय, तेवढी जागा रिकामी. मग विचारलं, माझं नाव कुठल्या अक्षरानं सुरू होतं. मी बोट ठेवून दाखवलं, आणि पुढचीही दाखवली. तो अशा कौतुकानं बघत होता जसं काही माझं नाव मीच तयार केलं आहे.

१२ जून, गुरुवार

काल फुटबॉलच्या वर्ल्ड कपात मोरोक्कोकडून तीन गोल खाल्ले, त्यामुळे आज गाव सुतकात. चोरांपैकी बारका आणि जाडा दोघेही रडवेल्या तोंडानं विनोदी प्रसंग करत होते. दुआर्तेनं दुपारीच काम थांबवलं.

पण माझं दुःख वेगळं आहे. भिंतीवरचं अक्षरांचं कापड गेलं! खिळा आहे, कापड नाही. टेबलावरची पेन्सिलही नाही. सकाळी बारका चोर बटण लावून घ्यायला आला होता, त्याचे डोळे मला पहिल्या दिवसापासून आवडलेले नाहीत. चोरांचा सिनेमा करायला आले आणि सवय लागली की काय?

बाल्बिनोला सांगितलं तर बिचारा इतका अस्वस्थ झाला की शेंगा तशाच टाकून उठला. "परत मिळेल," म्हणाला. "मी शब्द देतो." भला माणूस.

१४ जून, शनिवार

आज चर्चच्या पायऱ्यांवर चित्रीकरण बघायला गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा सगळं झकास. जनरल एका कोंबडीला समजावून सांगतो की तिला चोरणं हा तिचा सन्मान आहे. सगळे पोट धरून हसले. मग दुआर्तेला वाटलं की संवाद बदलावेत. तिथल्या तिथं कागदावर खरडले आणि बाल्बिनोच्या हातात दिले. "पाच मिनिटांत."

बाल्बिनोनं कागद पाहिला, घडी केली, कोंबडीला दिला. कोंबडीनं टोचला. सगळे हसले, दुआर्ते हसला नाही.

"बाल्बिनो, मस्करी पुरे. वाचा."

"हे शब्द जनरलच्या तोंडी बसत नाहीत, पोरा."

"ते मी ठरवतो. हे तिसऱ्यांदा झालंय." आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "नवं काही दिलं की तुम्ही फाटे फोडता. हे असंच चालणार असेल तर मी लिस्बनहून दुसरा जनरल बोलावतो. टीव्हीवरचा तो एका फोनच्या अंतरावर आहे."

मला इतका राग आला की दुआर्तेच्या पँटची उसवलेली शिवण मी त्याला सांगितली नाही. दिवसभर तसाच फिरला.

पण खरं सांगायचं तर मला बाल्बिनोचंही नवल वाटलं. इतकं तल्लख डोकं, मग चार ओळींना का अडतो? त्याचा अहंकार असणार. मोठ्या नटांना असतो.

१७ जून, मंगळवार

आता तर फारच झालं. शेवटचा प्रसंग चोवीस तारखेला, सेंट जॉनच्या दिवशी, कारंज्यापाशी. त्यात चोर शेवटी ती पेटी फोडतात आणि आत सोनंनाणं काही नसतं, एक पत्र असतं, आणि जनरल ते सगळ्यांना वाचून दाखवतो. दुआर्तेला वाटतं की नटानं ते पत्र आधी पाहूच नये. म्हणून त्यानं ते स्वतः टाइप केलं, पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. कॅमेरा चालू असतानाच बाल्बिनोनं पहिल्यांदा वाचायचं. "मला खरा चेहरा हवा," म्हणतो.

बाल्बिनो सकाळी आला तो शेंगांना हातच लावेना.

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "उलट पाठांतर नाही. समोर धरा आणि वाचा."

"तुम्हाला सोपं आहे."

"तुम्हाला कठीण काय आहे? चष्मा घाला."

तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "दोना सेराफिना, या वयात मला पुन्हा कोणी मोठं काम देणार नाही. हे शेवटचं. आणि त्या दिवशी मी सगळ्यांसमोर कागद घेऊन मुकाट उभा राहिलो, तर दुसऱ्या दिवशी लिस्बनची पहिली बस माझी. तिथं मला कोणी खिडकीशी बसवून घेणारंही नाही."

"मुकाट का उभे राहाल तुम्ही?"

"भीती वाटते," एवढंच म्हणाला.

बाल्बिनोला, चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेल्याला, भीती! मी त्याला खारवलेला मासा आणि बटाटे वाढले. जेवल्यावर भीती कमी होते असा माझा अनुभव आहे. त्याची झाली नाही. दोनदा वाढून घेतलं तरी.

१९ जून, गुरुवार

आज बाल्बिनो जरा खुलला होता. सेंट जॉनच्या रात्रीबद्दल विचारत होता. आमच्याकडे त्या रात्री पोरं गावभर हिंडून चोऱ्या करतात असं ऐकलंय, ते खरं का?

"चोऱ्या कसल्या," मी म्हटलं. "कुंड्या नेतात. गाडी, शिडी, बाक, जे दाराबाहेर राहिलं असेल ते. सकाळी सगळं कारंज्याभोवती मांडलेलं असतं. ज्याचं त्यानं येऊन घेऊन जायचं, लोक हसतात, झालं."

"आणि नियम?"

"घरात शिरायचं नाही. काही मोडायचं नाही. आणि ज्याचं गेलं त्यानं रागवायचं नाही. तोच मोठा नियम."

"कुणाच्याही कुंड्या नेतात?"

"पूर्वी लग्नाच्या मुली असतील त्या घरच्याच नेत. ज्याला जी आवडे तिची कुंडी तो उचले. आता काय, सगळ्यांच्याच." मग मी जरा उगाचच सांगितलं, "माझी एकोणीसशे त्रेपन्नमध्ये नेली होती. आबिलियोनं. तो पुढे ब्राझीलला गेला. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. वर्षानुवर्षं कुंडी जिथल्या तिथं. झाडाला तेच बरं असतं, हलवलं की मुळं दुखावतात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आणि ती सिनेमाची पेटी? ग्रासिंदाबाईंच्या अंगणात गाडीवर असते ती?"

"बाहेर राहिली तर तीही जाईल!" मी हसले. "दुआर्तेचं तोंड बघण्यासारखं होईल."

तोही हसला. आठवड्यात पहिल्यांदा. मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं. खारवलेल्या माशाचा गुण कधीकधी उशिरा येतो.

२३ जून, सोमवार

सार्डिन भाजायला शेकोट्या लागल्या आहेत, अंगणभर धूर. ग्रासिंदानं तिच्या सगळ्या कुंड्या दिवसाउजेडीच घरात घेतल्या, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "माझ्या ठेवल्या तर एकही राहायची नाही!" साठ वर्षांची झाली.

मी सब्ज्याची कुंडी खिडकीतून काढून बाहेरच्या कठड्यावर ठेवली. हवा लागावी म्हणून. दरवर्षी ठेवते.

२४ जून, मंगळवार

क्रमानं लिहिते.

सकाळी साडेसातला ग्रासिंदा दारात. मी अजून कॉफी ओतत होते.

"सेराफिना! माझं फाटक नेलं!"

कुंड्या आत घेतल्या, तर पोरांनी बिजागरीसकट फाटक उचललं! मी हसून हसून खाली बसले. मग ती म्हणाली, "हस, हस. आधी तुझ्या कठड्याकडे बघ."

बघितलं. कठड्यावर ओल्या मातीचं एक वर्तुळ, आणि बाकी काही नाही.

मी काय केलं ते लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही. आत गेले, केस पुन्हा विंचरले, आणि एप्रन बदलला.

कारंज्यापाशी अख्खा गाव. कुंड्याच कुंड्या, दोन शिड्या, न्हाव्याची खुर्ची, एक बाथटब, आणि कपडे धुवायच्या हौदाच्या छपरावर सिनेमाची गाडी. ती तिथं कशी चढवली देवाला ठाऊक. गाडीखाली दिग्दर्शकाची खुर्ची, तिच्यात बसवलेला एक भोपळा. दुआर्तेनं पहाटेच पोलिसांना फोन केला होता: टोळीनं दरोडा घातला म्हणून! हवालदार तालुक्याहून मोटारसायकलवर आला, आधी कॅफेत कॉफी घेतली, मग मिशा पुसत म्हणाला, "साहेब, टोळीतले सत्तावीस जण मला नावानिशी ठाऊक आहेत. त्यातला एक माझा भाचा. तुम्ही तुमची खुर्ची घ्या, भोपळा ज्याचा असेल त्याला द्या, आणि जरा हसा. कायदाच आहे तसा."

"पण पेटी! माझ्या पेटीत पत्र आहे!"

पेटी कारंज्याच्या कट्ट्यावर होती, कुलूपबंद. आणि पेटीच्या वर, सगळ्यात उंच, सगळ्या गावाला दिसेल अशी माझी सब्ज्याची कुंडी.

"कोणी नेली गं तुझी?" कुणीतरी ओरडलं. "पोरांबरोबर एक पोटवाला होता म्हणे, दर दहा पावलांवर दम खाणारा!" लोक टाळ्या वाजवू लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी टाळ्यांमधून चालत गेले आणि कुंडी उचलली. कानापर्यंत लाल झाले असणार. झाले तर झाले.

सब्ज्यात काडी खोचली होती आणि काडीला घडी केलेला कागद. सेंट जॉनच्या कुंडीत चार ओळींची कविता असतेच, मला वाटलं तीच. उलगडला. एका बाजूला टाइप केलेलं होतं, दुआर्तेचं पेटीतलं पत्र. दुसऱ्या बाजूला माझ्या हरवलेल्या पेन्सिलीनं, मोठ्या, लाल दोऱ्यानं भरल्यासारख्या ताठ अक्षरांत दोन शब्द:

सेराफिना, वाचा.

मग मला कळलं. उभ्या उभ्या कळलं. त्याला वाचता येत नाही. रोज विसरला जाणारा चष्मा, बाबांच्या शिकारीच्या चष्म्यातून स्वच्छ दिसणारा कागद, दाढी करताना वाचणारी बायको, कोंबडीला दिलेले संवाद, खिळ्यावरून गेलेलं कापड. कागद तो पहिल्यापासून दोन्ही हातांनी धरत होता, गरम ताटलीसारखा. चाळीस वर्षं ज्या धरण्यावरून मी माणूस ओळखते तेच धरणं रोज माझ्या खिडकीशी बसलं होतं आणि मी त्याला गाजरं सांगत होते! त्याच्या गळ्यात टाय होता आणि तो लिस्बनचा होता, एवढ्यानं माझी अक्कल झाकली.

मला माझी लाज वाटली. आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की कुंडी छातीशी धरून मी मध्येच थांबले. पाच-सहा वर्षांची पोरं गिरवतात तशी अक्षरं, आणि एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा त्यानं जिचं नाव लिहिलं ती मी.

तो कॅफेच्या दाराशी उभा होता, टोपी हातात, चेहरा पांढराफटक. मी कागद एप्रनच्या खिशात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सेन्योर बाल्बिनो, तुमच्या कोटाचं अस्तर लोंबतंय. असं उभं राहणार कॅमेऱ्यासमोर? घरी चला, दोन टाके घालते."

"लोंबतंय का?" तो कसाबसा म्हणाला.

"मी सांगते ना लोंबतंय."

घरी आलो. मग त्यानं छातीपाशी हात घातला आणि अकराव्या खिशातून माझं अक्षरांचं कापड काढलं, नीट घडी केलेलं. "शब्द दिला होता," म्हणाला. "चोरी माझी. बारक्याला काही बोलला नाहीत ना?"

"फक्त मनात."

"पेटीची मागची फळी चार खिळ्यांवर आहे. सतरा नाटकांत चोर झालोय, एवढंही येऊ नये?" मग मान खाली घालून म्हणाला, "आठ वर्षांचा असताना सर्कशीत घातलं मला. मग नाटक. सगळ्यांना वाटायचं येत असेल. एकदा येत असेल असं वाटायला लागलं की येत नाही हे सांगायची वेळ निघून जाते, दोना सेराफिना. आमच्या हिला तेवढं ठाऊक होतं."

"कागदावर नावाआधी दोना नाही लिहिलंत."

"त्याचं पहिलं अक्षर चौथं आहे. ते कसरीनं खाल्लंय."

मी सुई घेतली, न लोंबणारं अस्तर शिवायला बसले आणि वाचलं. तीन वेळा. माझा आवाज दोनदा चिरकला.

चार वाजता चित्रीकरण. मागचे दोन शब्द पुसलेला कागद त्यानं मागच्या फळीतून परत आत सरकवला आणि पेटी स्वतःच खांद्यावरून आणली, त्यामुळे ती फळी कुणी पाहिली नाही. कुलूप फोडलं, कागद काढला, दोन्ही हातांनी धरला. जनरल वाचू लागला:

"जो कोणी ही पेटी फोडेल त्याला. यात काही नाही. जे होतं ते मी जिवंतपणीच वाटून टाकलं. तुम्ही फार लांबून आलेले दिसता आणि फार खटपट केलीत. निदान जेवून जा. घराची किल्ली दाराजवळच्या..." इथं तो थांबला. बोट कागदावर टेकलं. ओठ हलले, आवाज नाही. दुआर्ते खुर्चीतून अर्धा उठला. माझ्या हातात मांजर होतं, त्याला मी इतकं घट्ट धरलं की ते ओरबाडून पळालं. "...कुंडीखाली आहे," बाल्बिनो म्हणाला, आणि असा हसला, असा हसला, की बारका चोर खरंच रडू लागला आणि जाडा त्याच्या गळ्यात पडला.

"कट!" दुआर्ते धावत आला. त्याचे डोळे ओले होते. "हा! हा चेहरा मला हवा होता! ते थांबणं! शपथेवर सांगतो, माणूस खरंच पहिल्यांदा वाचतोय असं वाटलं!"

संध्याकाळी सार्डिन खाताना मी विचारलं, विसरला होतात का मध्येच?

"नाही," बाल्बिनो म्हणाला. "सगळं पाठ होतं. पण तो शब्द समोर आला आणि... आपोआप वाचला गेला. कुंडी. मोजकीच अक्षरं आहेत, सगळी तुमच्या भिंतीवरची." मग सार्डिनचा काटा बाजूला ठेवत म्हणाला, "तेवढा एक मी खरंच वाचला."

मी रडले. धुरामुळे असं ग्रासिंदाला सांगितलं. तिनं विश्वास ठेवल्याचं दाखवलं. तशी ती वाईट नाही.

२८ जून, शनिवार

बारक्या चोराला बोलावून तीन बटणं फुकट लावून दिली. का ते त्याला कळलं नाही.

कापड पुन्हा खिळ्यावर लावणार होते, पण लावलं नाही. लाल दोरा शोधला आणि चौथं अक्षर नव्यानं भरलं. जुन्या अक्षरांपेक्षा जरा जास्तच लाल दिसतंय. दिसू दे.

३० जून, सोमवार

ते गेले. ट्रक पुन्हा पुलावर अडकला, त्यामुळे निरोप तीनदा झाला. दुआर्तेची शिवण मी शेवटी शिवून दिली. कोट मंडळीकडे जमा करायचा होता, पण बाल्बिनोनं तो अंगातून काढलाच नाही, भर उन्हात. अकराव्या खिशात मी काय घातलंय ते त्याला ठाऊक होतं, कारण सारखा छातीवर हात नेत होता.

शेंगा एकटीनं सोलल्या. वेळ जास्त लागतो.

१८ जुलै, शुक्रवार

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा ग्रासिंदा नव्या बिजागरीला तेल घालत होती, दहा मिनिटांपासून.

पाकिटावर माझ्या नावाआधी चौथं अक्षर होतं, दोनाचं. बाकी सगळ्यांच्या दुप्पट मोठं.

आत तीन ओळी. आजवर या घरात आलेली पत्रं मी नेहमी दुसऱ्यांची वाचली. हे माझं होतं, मनात वाचलं असतं तरी चाललं असतं. पण सवयीनं खिडकीशी बसले आणि मोठ्यानं वाचलं:

"दोना सेराफिना. हे मी एकट्यानं लिहिलं. पुढच्या सेंट जॉनला कुंडी आत घेऊ नका."

"काय लिहिलंय गं?" फाटकापलीकडून ग्रासिंदा.

"ऐकू आलं नाही?" मी म्हटलं. "थांब, पुन्हा वाचते."

आणि पुन्हा वाचलं.